कुणी धरला, कुठं धरला

जैबुनबाईंबद्दल चांगलं बोलायला मला अजूनही जड जातं. भूमला असताना कैक वर्षं आमची भिंतीला भिंत होती. तेवढ्या वर्षांत त्या माझ्याशी एकदाही गोड बोलल्या नाहीत. माझ्याशीच काय, कुणाशीच नाहीत. गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांच्या दारावरून जाताना कडेनं जायची, असं आमचा घरमालक सांगायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. खुर्ची, कपाट, हजेरीपट सगळं शाळेला परत दिलं. छडी मात्र जिभेवर ठेवून घेतली.

मी मूळचा लोहाऱ्याचा. वीज कार्यालयात कारकून. बदली होऊन भूमला आलो आणि त्यांच्या शेजारची खोली मिळाली. सामान अजून पोत्यातच होतं, त्या आठवड्यातली गोष्ट. मी स्टँडजवळच्या गाड्यावरून मासे आणले होते, बर्फातले, मोठमोठे तुकडे. सुनीतानं, माझ्या बायकोनं, नवीन घरात पहिल्यांदा कालवण टाकलं. मधली भिंत बुटकी होती. तिच्यावर एक पिकलेलं डोकं आलं.

"ओ लाईटवालीन, काय शिजवताय?"

"मासे हायेत बाई. या की जेवायला." सुनीता हौसेनं म्हणाली.

"मासे? मला वाटलं, गल्लीत कुणाचं मढं उचलायचं राहिलंय."

सुनीताच्या हातातला डाव तसाच राहिला. बाई थांबल्या नाहीत.

"कुठनं आणला?"

"ह्यांनी आणला. स्टँडवरनं."

"स्टँडवर तळं हाय व्हय? कुणी धरला? कधी धरला?"

ते आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असावं, असंही कधी वाटलं नव्हतं.

"ज्याचं गाव ठाऊक न्हाय, ज्यानं मारला त्यो ठाऊक न्हाय, मेला कधी ते ठाऊक न्हाय, त्याला पोटात जागा देता? अहो, भाडेकरू ठेवताना तरी लोक एवढं विचारतात."

शेवटचं वाक्य आम्हा भाडेकरूंना उद्देशून होतं की नव्हतं, यावर सुनीता रात्री जेवताना रडली. कालवण कुणी पोटभर खाल्लं नाही. दुसऱ्या दिवसापासून भिंतीकडची खिडकी बंद झाली, ती आम्ही घर सोडेपर्यंत.

बाजारच्या दिवशी मासेवाल्यांच्या रांगेत बाई आल्या की बोलणी थांबत. काळा बुरखा, तोंड उघडं, पायांत पुरुषी चपला आणि हातात झाकणाचा डबा. पिशवीत मासा त्या घेत नसत. टोपलीपुढं उभ्या राहून त्या आधी मासा बघत आणि मग विकणाऱ्याकडं. कल्ला उचलत, पोट दाबत, आणि शाळेत फळ्यापुढं उभं केलेल्या पोराला विचारावं तसं विचारत. कुठला? कुणी धरला? कधी धरला? उत्तर अडखळलं की संपलं.

"ताजा हाय बाई. सकाळचाच."

"कुठल्या सालातल्या सकाळचा? डोळा बघ त्याचा. मोतीबिंदू झालाय."

गावाबाहेर तलाव आहे. आपल्याकडच्या सगळ्याच तलावांसारखा तोही, आला पाऊस तर तलाव, नाहीतर माळ. त्या तलावातला मासा, मासेमार भोयांनी मोठ्या डोळ्यांच्या, पिल्लं सुटून जातील अशा जाळ्यानं धरलेला, त्याच सकाळचा, एवढाच बाईंना चालायचा. तो नसला तर ईट गावाकडच्या तळ्यातला. तोही नसला तर बाई रिकामा डबा घेऊन घरी जात आणि पिठलं करत. बोटभर मासे कुणी वाटे लावून विकायला बसला तर त्या मोठ्यानं म्हणत, "ह्यांचं अजून शाळेत नाव घालायचंय रं!" आणि आषाढ-श्रावणात, मासे अंड्यांवर असतात तेव्हा, त्या बाजारातल्या त्या रांगेला फिरकतच नसत. खाण्यासाठी फिरकत नसत, असं म्हणायला पाहिजे. भांडायला यायच्या.

अशाच एका श्रावणात आमच्या कार्यालयाचे साहेब गाभोळीचा मासा निवडून घेत होते. अंड्यांनी पोट फुगलेली मादी हातावर तोलून ते कौतुकानं म्हणाले, "खरा मेवा तर हाच." मी बाजूलाच पिशवी धरून उभा होतो. कुठून तरी बाई आल्या.

"साहेब, तुमची आई पोटुशी होती तवा तिला कुणी तळली न्हाय. म्हणून आज इथं उभे हाव."

भर बाजारात. साहेबांचा चेहरा असा झाला की मी पिशवीत बघत राहिलो. पुढं कितीतरी दिवस माझा रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावरच पडून राहिला. बाई माझ्या शेजारच्या, एवढाच माझा गुन्हा. मी घरी येऊन ते भिंतीवरून ऐकवलं, तर पलीकडून उत्तर आलं, "मग तुमीच बोलायचं होतं आधी. म्या कशाला आले असते?"

बाई विकत घेत त्या एकट्या किसन भोयाकडून. त्याच्याशी भाव करत नसत, पण गोडही बोलत नसत. किसन हसरा माणूस. तो म्हणायचा, "बाईंपुढं टोपली उतरवली की मला चौथीची परीक्षा आठवती. पास होतो, पण घाम फुटतो."

लोक या वेडाचं कारण शोधायचे. कुणी म्हणायचं, लहानपणी शिळा मासा बाधला असेल. कुणी म्हणायचं, एकटीच्या जीवाला काहीतरी चाळा लागतो. सुनीतानंच एकदा धीर करून विचारलं, तर बाई म्हणाल्या, "कारण लागतं व्हय? तळं आपलं हाय. आपल्याच घरात चोरी करायची न्हाय, ह्याला बी कारण?"

आणि नेमक्या या बाईंच्या घरातच गावातला सगळ्यात मोठा मच्छीवाला निघाला.

दस्तगीर त्यांच्या बहिणीचा मुलगा. तो रांगत होता तेव्हा बहीण गेली. बापानं दुसरं घर केलं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. पोर उचलून आणलं ते कायमचंच. त्याला शिकवला, त्याचं लग्न लावून दिलं, नोकरीमागं लागू नको, धंदा कर, हेही त्यांनीच सांगितलं. धंदा त्यानं केला, पण मासळीचा. लांबून बर्फाच्या पेट्या मागवायच्या. शिवाय मोठ्या टपांत जिवंत मांगूर. तो काळा, मिशांचा मासा, ज्याच्यावर बंदी आहे आणि ज्याला घाणीच्या खड्ड्यांत कत्तलखान्याचं उरलंसुरलं घालून वाढवतात. मांगूर स्वस्त, आणि टपात वळवळतो म्हणून गिऱ्हाईक त्याला ताजा समजतं.

दर बाजारी बाई त्याच्या दुकानापुढं उभ्या राहत आणि त्यालाही तेच तीन सवाल करत. खणखणीत आवाजात. तो सुरी थांबवून खाली मान घालायचा.

"खाला, घरी बोलू."

"घरी इकतोस व्हय मासे? जिथं इकतोस तिथं बोल."

दस्तगीर वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. मीटरच्या कामासाठी तो कार्यालयात यायचा, तेव्हा चहा पिताना एकदा म्हणाला, "साहेब, तळ्यात पाणी राहतं किती? भोयाच्या टोपलीत गाव जेवंल का? लोकांला रोज मच्छी पायजे. म्या न्हाय आणली तर दुसरा आणंल. खालाला हे कळत न्हाय असं न्हाय. तिला फकस्त मीच दिसतो." त्याच्या म्हणण्यात मला काही खोट दिसली नव्हती.

त्याच्या मुलीच्या, शाहीनच्या, लग्नाला आम्ही गेलो होतो. दस्तगीरनं हात सैल सोडला होता. मोठा मांडव, बिर्याणी, आणि मच्छीवाल्याच्या घरचं कार्य म्हणून तळलेल्या माशाची परात. मुलाकडची माणसं चांगली तालेवार होती. दस्तगीर स्वतः पंगतीतून फिरत होता. "घ्या, घ्या, मरळ हाय. आपल्या तळ्यातली मरळ." मरळ म्हणजे आमच्याकडच्या माशांत मानाचा मासा. काटा कमी, आजाऱ्यालाही देतात.

बाई बायकांच्या पंगतीत पहिल्याच जागी बसल्या होत्या. नवऱ्या मुलाच्या आईशेजारी. मधे फक्त कनात होती, त्यामुळं पुढचं सगळं आम्हा पुरुषांनाही स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी एक घास खाल्ला.

"दस्तगीर!"

तो परात घेऊन कनातीपाशी गेला. "जी, खाला."

"ही मरळ हाय?"

"व्हय की खाला. खावा."

"अल्लाला हजर मानून सांग. मरळ हाय?"

त्यानं परात खाली ठेवली.

"मांगूर हाय ह्यो," बाई म्हणाल्या. "टपातला. पोरीच्या निकाहाला लोकांला मांगूर चारतोस, आन् वरनं तळ्याचं नाव लावतोस?"

मुलाकडच्या एका म्हाताऱ्यानं ताट पुढं सरकवलं. त्याचं बघून दुसऱ्यानं. थोड्या वेळात ती सगळी रांग न जेवता उठली. कुणीतरी समजूत घातली, हातापाया पडून झालं, पोरगी सासरी गेली. पण जाताना ती जी रडत होती, ते माहेर सुटतं म्हणून नव्हतं. तिला सासरी पुढं कैक महिने "मांगूरवाल्याची" म्हणून हाक मारत, असं दस्तगीरच्या बायकोनं, नूरजहाँनं, सुनीताला सांगितलं.

सुनीता घरी येताना रस्त्यात तणतणत होती. "गिळला असता एक घास तर काय मेली असती का? एवढंसं तोंड झालं होतं पोरीचं."

मला बायकोचं पटलं. आजही पटतं. मी बाईंच्या जागी असतो तर गिळला असता.

बाईंना मात्र पश्चात्तापाचा वाराही लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या ओटा धूत होत्या. मी गाडी काढताना म्हणालो, "बाई, काल जरा..." एवढंच म्हणालो.

"काय जरा? खोटं त्यानं बोललं आन् जरा म्या करू?"

त्या लग्नानंतर दस्तगीरनं बाईंकडं येणं बंद केलं. ईदेला पहिल्यांदा त्यांच्या घरी कुणी आलं नाही. शिरखुर्म्याचं पातेलं भरलेलं होतं. दुपारपर्यंत बाई दारात खुर्ची टाकून बसल्या. मग उठल्या आणि वाट्या भरून गल्लीत घरोघर देत सुटल्या, आणि देतानाही प्रत्येकाला बोलत होत्या. "भांडं धुऊन द्या. मागच्या येळी चिकट दिलं होतं."

पुढच्या पावसाळ्यात दस्तगीर आला. मी सुट्टीचा ओट्यावर पेपर वाचत होतो. त्यानं हातात बादली धरली होती, वर ओलं फडकं. मागं नूरजहाँ होती. तिनंच त्याला ओढून आणलं होतं, हे तिच्या तोंडावरून कळत होतं. शाहीनला दिवस गेले होते. सासरचं बोलणं आता कुठं थांबलं होतं. घरातल्या थोरल्या माणसाची दुवा पाहिजे, असा हट्ट नूरजहाँनं धरला होता.

बाई दारात आल्या. दस्तगीरनं फडकं काढलं. बादलीत हातभर मरळ होती, जिवंत, पाठ काळी आणि पोट पांढरं. एवढी देखणी मरळ मी आधी बघितली नव्हती.

बाईंनी विचारायच्या आत तोच बोलला. "आपल्या तळ्याची हाय, खाला. म्याच धरली. आज सकाळी. गळानं."

बाई खाली बसल्या. मासोळीकडं बघत राहिल्या. त्यांनी पाण्यात बोट घातलं, मरळीनं अंग फिरवलं, आणि खरं सांगतो, बाईंच्या तोंडावरची एक सुरकुती सैल झालेली मी बघितली. नूरजहाँनं पदर सावरला. आता झालं, असं मलाही वाटलं.

मग बाईंनी मान वर केली.

"पिल्लं होती का वर?"

मरळ पिल्लं राखते. लालभडक, बारीक पिल्लांचा घोळका पाण्याच्या वरच्या अंगाला फिरतो आणि आई-बाप त्याच्याखाली पहारा देतात. ते ज्यांना ठाऊक आहे, ते त्या लाल घोळक्यातच गळ सोडतात. पिल्लांना धोका दिसला की मरळ झडप घालते आणि अडकते. याच्याइतकी सोपी शिकार नाही.

दस्तगीरला खोटं बोलता आलं असतं. पण त्या दिवशी तो खरं बोलायचं ठरवून आला होता. "व्हय," तो म्हणाला. "लाल घोळकाच होता, म्हणून तर घावली."

बाई उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही, उलट उतरला.

"पोटच्या पोरीसाठी दुवा मागायला आलास. आन् येताना दुसऱ्याची पोरं पोरकी करून आलास?"

"खाला, मासोळी हाय ती."

"तुझी आई मेली तवा तू बी एवढासाच होतास. तुला उचलायला म्या होते. त्यांला कोण हाय? जा. जिथनं आणली तिथं सोड."

"नक्को खाला, ऐसा नक्को बोलो," नूरजहाँ मधे पडली. "पोरीसाठी आलोय आमी."

"सोडून ये, मग दुवा दीन."

दस्तगीरचा चेहरा लाल झाला. तो इतकी वर्षं भर बाजारात मान खाली घालून उभा राहिलेला माणूस होता. त्यानं बादलीला लाथ मारली. पाणी ओट्यावरून रस्त्यावर गेलं आणि मरळ धुळीत तडफडू लागली. "तुला माणसं नकोतच," तो ओरडला. "तू तळ्यातच जाऊन राहा!" नूरजहाँ रडत त्याच्यामागं गेली.

बाईंनी वाकून दोन्ही हातांनी मासोळी उचलली. ती दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बुरख्यात गुंडाळून त्यांनी ती बादलीत टाकली, हौदातलं पाणी ओतलं आणि मला म्हणाल्या, "ओ लाईटवाले, पेपर काय वाचताय? गाडी काढा."

मी काढली. का, ते मला सांगता येणार नाही. नाही म्हणायची सोय त्यांच्या आवाजात नसायची. मांडीवर बादली धरून त्या मागं बसल्या आणि वाटभर खड्ड्यांवरून मला बोलत राहिल्या. तलावाच्या कडेला किसन भोई होता. दस्तगीर सकाळी गळ टाकून बसला होता ती जागा त्यानं दाखवली. बाईंनी मासोळी सोडली. ती क्षणभर आडवी झाली, मग सरळ होऊन आत गेली.

लाल घोळका कुठंच नव्हता. पाणी हिरवं, गप्प होतं. वर दोन खंड्या पक्षी सारखे सूर मारत होते. किसन म्हणाला, "बाई, येळ झाला. पहारा उठला की काय राहत न्हाय."

बाईंनी रिकामी बादली उचलली. येताना त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याची मला त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

शाहीनला मुलगा झाला. बाईंना कुणी सांगितलं नाही. आमच्याकडून कळलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतरचा उन्हाळा कडक गेला. तलाव आटत आटत त्याच्या बांधाच्या भिंतीच्या पायथ्याशी एक डोह तेवढा उरला. गावाला पिण्याचं पाणी त्याच्यातून टँकरनं जायचं. तळ्यात जेवढे मासे जगले होते तेवढे सगळे त्या डोहात गोळा झाले होते. मासेमारीचा ठेका त्या वर्षी बाहेरच्या एका माणसाकडं होता. भोयांना त्यानं कधीच हाकललं होतं. ठेका संपत आला तेव्हा जाता जाता त्यानं डोहातला सगळा माल दस्तगीरला देऊन टाकला. दस्तगीरनं इंजिन आणलं. डोह उपसायचा आणि चिखलातले मासे हातानं वेचायचे, लहान, मोठे, सगळे. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला तरी त्यात पोहायला काही उरलं नसतं.

किसन धावत बाईंकडं आला. "बाई, बियाणंच चाललं."

बाईंनी घरातली लोखंडी खुर्ची काढली. रिक्षात टाकली. मी कार्यालयातून तलावाकडच्या लाईनच्या कामावर गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी बघितलं. डोहाच्या काठावर, इंजिनचा पाईप जिथून पाण्यात जात होता बरोबर तिथं, पाईपवर पाय ठेवून बाई खुर्चीत बसल्या होत्या. उन्हात. गडी लांब उभे. दस्तगीर आला.

"खाला, उठा."

"न्हाय."

"लोक बघतायत."

"बघू दे. लोकांनीच बघाय पायजे."

"म्या उचलून बाजूला ठेवीन."

"उचल की," बाई म्हणाल्या. "म्या तुला कडेवर घेऊन शाळेत जात होते. आता तू उचल."

मला वाटलं, तो मागं सरेल. सगळ्यांनाच वाटलं. त्यानं खुर्चीच्या हातांना धरलं आणि बाईंसकट खुर्ची उचलली. बाई वजनाला काहीच नव्हत्या. त्यांनी हातपाय झाडले नाहीत, शिवी दिली नाही. काठ चढून त्यानं खुर्ची रस्त्याच्या कडेला बाभळीच्या सावलीत ठेवली. सावलीत ठेवली, हे मी मुद्दाम सांगतो. मग खाली जाऊन इंजिनची दोरी ओढली.

बाई तिथून उठल्या त्या सरळ तहसीलला. तहसीलदार साहेब जेवायला गेले होते. त्या दारात बसून राहिल्या. ते आल्यावर त्या माशांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. बाई हुशार होत्या. त्या म्हणाल्या, "गावाच्या पिण्याचं पाणी इंजिन लावून उपसतायत. माणसाचं नाव लिहून घ्या. दस्तगीर. माझा मुलगा हाय."

भाचा नाही म्हणाल्या. मुलगा म्हणाल्या.

दिवस मावळायच्या आत जीप आली, इंजिन जप्त झालं, पाईप गुंडाळून नेला. टंचाईच्या दिवसांत पिण्याच्या पाण्याला हात लावला म्हणून दस्तगीरला चौकीत बसवून ठेवलं. गावानं त्याला शिव्या दिल्या, कारण पाणी सगळ्यांचं होतं. त्याच गावानं बाईंनाही शिव्या दिल्या, कारण स्वतःच्या रक्ताला पोलिसांत कोण देतं? दोन्ही शिव्या एकाच तोंडातून निघत, आणि देणाऱ्याला त्यात काही चुकीचं वाटत नसे.

डोह राहिला. गुडघाभर, गढूळ, पण राहिला. पावसानंतर तलाव भरला, आणि श्रावणात किसननं मला काठावर नेऊन बोट दाखवलं. पाण्यावर लाल घोळके फिरत होते, इथं एक, तिथं एक. मी घरी येऊन उत्साहानं बाईंना सांगितलं. वाटलं, निदान हसतील.

"तुमी बघून आलाव?" त्या म्हणाल्या. "आणि कुणाकुणाला सांगत आलाव वाटेत? उद्या गळ घेऊन जातील सगळे. तोंडाला कुलूप न्हाय का तुमच्या?"

त्या वर्षी त्यांनी मासा खाल्ला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. किसन टोपलीतला चांगला मासा घेऊन दारात उभा राहायचा, आणि बाई आतूनच म्हणायच्या, "नको." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सुनीतानं मात्र बर्फाचा मासा घरात आणू देणं बंद केलं. "बाईंमुळं न्हाय," ती मला बजावून सांगायची. "मला वास सहन होत न्हाय."

माझी बदली झाली. निघताना सामानाचा ट्रक भरत होता, बाई ओट्यावर उभ्या होत्या. सुनीता पाया पडायला वाकली. बाई म्हणाल्या, "खिडकी उघडून जा. पुढचा भाडेकरू तरी वारा खाईल."

त्यानंतर एकदाच भूमला जाणं झालं. पेन्शनच्या कामासाठी गेलो होतो. काम लवकर आटोपलं, म्हणून एका जुन्या सहकाऱ्याची गाडी घेऊन तलावाकडं चक्कर मारली. संध्याकाळ व्हायची होती. तलावाच्या भिंतीवरचा रस्ता अरुंद, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. दुसऱ्या टोकाकडून बाई येत होत्या, काठी टेकत, एकट्या, रस्त्याच्या अगदी मधून. खूप वाकल्या होत्या. त्यांच्यामागून दस्तगीरचा टेम्पो आला. त्याची दाढी पांढरी झाली होती.

त्यानं एकदा हॉर्न दिला. बाई थांबल्या. वळून बघितलं नाही आणि बाजूलाही झाल्या नाहीत. काठी दोन्ही हातांत धरून तिथंच उभ्या राहिल्या, पाण्याकडं तोंड करून. टेम्पो थांबला. त्यानं परत हॉर्न दिला नाही. इंजिन बंद केलं नाही आणि तो खालीही उतरला नाही.

मी गाडी बंद करून वाट बघितली. सूर्य समोरच्या माळाला टेकला. दोघांपैकी कुणी हललं नाही. शेवटी मीच गाडी वळवली आणि खालच्या, लांबच्या रस्त्यानं गावात गेलो. वळणावरून वर बघितलं, तर भिंतीवर ती दोघं तशीच होती. टेम्पोचे दिवे तेवढे लागले होते.